अण्णांच्या सायकलची चीर

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मीही आजवर जे लिहिलं ते परीक्षेपुरतं. शिवाय घरातलं असं चारचौघांपुढे मांडावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते माझे वडील. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "लिही की. खोटं लिहू नको म्हणजे झालं." तेवढ्या बळावर लिहितो. कुठे जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

गोष्ट एका मोडलेल्या सायकलची आहे. पण सायकल गेल्याचं दुःख आम्हाला फारसं नव्हतं. ती मोडली आणि अण्णांच्या डोळ्यांचं गुपित उघडं पडलं. अण्णांचे डोळे हीच अण्णांची नोकरी होती.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो, गल्लीही म्हणते. चाकणच्या एका कारखान्यात ते कंत्राटी चेकर होते. चारचाकीच्या पुढच्या चाकाजवळ बसणारा तळहाताएवढा एक लोखंडी भाग तिथे तयार होतो. मशीनवरून तो तेलात न्हाऊन येतो. चेकरनं तो पुसायचा, ट्यूबखाली फिरवून बघायचा. कुठे केसाएवढी चीर दिसली तर लाल पेटीत टाकायचा, नाही दिसली तर रंगाच्या पेननं एक ठिपका द्यायचा. प्रत्येक चेकरचा रंग वेगळा, म्हणजे पुढे तक्रार आली तर कोणाच्या हातून सुटलं ते कळतं. अण्णांचा रंग निळा. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली मी लहानपणापासून निळा रंग बघत आलोय. दिवाळीत तो निघेल म्हणून आई उटणं लावून घासायची, पण तो निघायचा नाही.

ही सवय घरातही आली होती. नवीन पेला आणला की अण्णा तो उजेडाकडे धरून फिरवणार. माझी नवी चप्पल वाकवून बघणार. आणि मग म्हणणार, "ओके." आई चिडायची. "पोराचं लग्न ठरलं तर सुनेलाबी असंच फिरवून बघताल का?" अण्णा हसायचे.

आम्ही मूळचे बीडकडचे. मोशीत एका खोलीत भाड्यानं राहतो. चाकण फार लांब नाही, पण इंद्रायणीचा पूल ओलांडून पलीकडे जाणं म्हणजे ट्रक आणि कंटेनरच्या मध्ये शिरणं. कंपनीची बस कायम कामगारांसाठी, कंत्राटी माणसानं आपलं आपण यायचं. अण्णांकडे एक जुनी मोटरसायकल होती. ती त्यांनी अचानक विकून टाकली. म्हणाले, "ट्रॅफिक लई झालंय. आपल्याला हळू चालणारं काहीतरी पाहिजे." गुडघा दुखत असल्यामुळे नुसती सायकल त्यांना जमत नव्हती. मग त्यांनी सायकललाच इंजिन बसवायचं ठरवलं. 'हळू चालणारं' या शब्दांवर तेव्हा आम्ही कुणी थांबलो नाही.

कुदळवाडीच्या भंगारातून फवारणी पंपाचं छोटं इंजिन आलं. जुनी काळी सायकल घरात होतीच. शेजारचे काका मदतीला आले. ते मोशीच्या मूळ गावातले आणि अण्णांच्याच कारखान्यात पुढच्या लाइनवर कायम कामगार. दोघांनी मिळून दोन रविवार खपून इंजिन तिरक्या दांड्याला, म्हणजे हँडलखालून पॅडलकडे उतरतो त्याला, पट्ट्या आवळून बसवलं. ॲक्सिलरेटरची वायर हँडलला आली. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा धूर एवढा झाला की गल्लीतली कुत्री पळाली.

"अण्णा, पायलटचं लायसन हाय का?" काका म्हणाले.

"तुम्ही मागं बसा, हवाईसुंदरी म्हणून."

"माझ्या वजनानं उडायचं न्हाई ते." तेव्हापासून काका त्या सायकलला 'इमान', म्हणजे विमान, म्हणू लागले.

असलं वाहन रस्त्यावर आणायला परवानगी लागते आणि ती मिळत नाही, हे मला कॉलेजातल्या मित्रांकडून कळलं होतं. मी अण्णांना सांगितलंही. ते म्हणाले, "कडंकडंनं जातो रे." आणि खरंच ते कडेकडेनं जात राहिले, पावसाळा धरून जवळजवळ वर्षभर.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आईनं सायकलची पूजा केली. आमच्याकडे गणपतीपेक्षा खंडेनवमी मोठी, असं मी गमतीनं म्हणतो. त्या दिवशी गल्लीत टेम्पो, ड्रिल, करवती, शिलाई मशीन, सगळं धुऊन ओळीनं मांडलेलं असतं. आईनं तिच्या शिलाई मशीनला, माझ्या जुन्या लॅपटॉपला आणि सायकलला हळदकुंकू लावलं. सायकलला हँडलखाली, दांडे जिथे एकत्र येतात तिथे, पाच बोटांचे पट्टे ओढले आणि झेंडूची माळ घातली. माळ सुकली की काढायची. कुंकू मात्र आमच्याकडे पुसत नाहीत. झिजून जाईल तेव्हा जाईल. कारखान्यातही तसंच असतं, अण्णा सांगायचे. तिथल्या मशीनांवर कुठल्या कुठल्या वर्षांची कुंकवं वाळून बसलेली असतात, त्यांना कुणी फडकं लावत नाही.

दिवाळी झाली. त्यानंतरच्या एका दुपारी मी निगडीला कॉलेजच्या लायब्ररीत होतो. काकांचा फोन आला.

"घाबरू नको. अण्णा ठीक हायेत. इमान पडलं."

अण्णा पहिली शिफ्ट करून परत येत होते. पुलाच्या अलीकडच्या उतारावर सायकल खाली मान घातल्यासारखी दुमडली. तिरका दांडा मानेपासून तुटला होता. नशीब की ते कडेला होते, मातीत पडले. मी पोहोचलो तेव्हा ते एका रसवंतीच्या बाकावर बसले होते. तळहात सोलले होते, पँट गुडघ्यावर फाटली होती. सायकल समोर आडवी पडली होती. ते तिच्याकडे बघत होते की तिच्या पलीकडे, ते मला कळेना.

"लागलं का फार?"

"लागलं न्हाई." मग तळहाताची माती झटकत, "मागून कंटेनर यायला होता."

आम्ही ती टेम्पोत टाकून मोशीत आणली. ग्रिल बनवणाऱ्यानं लांबूनच हात हलवला. म्हणाला, हा पाइप पातळ, माझ्या वेल्डिंगनं भोक पडेल, गॅसवर पितळ भरणाऱ्याकडे न्या. तो पितळवाला देहू रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. त्यानं तुटलेलं टोक उन्हात धरलं. तुटलेल्या कडेचा बराच भाग काळपट होता, बाकीचा चकचकीत.

"हे चकचकीत आजचं," तो म्हणाला. "हे काळं जुनं. आतून गंजलंय बघा. लई महिन्यांची चीर हाय. इंजिनाच्या थरथरीनं वाढत गेली." मग त्यानं वरच्या बाजूचं कुंकू बघितलं आणि समजूत घालावी तसं म्हणाला, "पूजेचं कुंकू वर, चीर त्याच्याखाली. दिसणार कुणाला?"

"हां," अण्णा लगेच म्हणाले. "कुंकवाखालीच होती."

हे वाक्य अण्णांनी घरी येऊन आईलाही सांगितलं. मुद्दाम नाही, काय झालं ते सांगताना ओघात. आई पोळ्या करत होती. तिचा हात तव्यावर तसाच थांबला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघालो तेव्हा ती ओलं फडकं घेऊन शिलाई मशीन पुसत होती. चाक, सुईजवळची पट्टी, खालचं पायडल, सगळीकडचं कुंकू निघेपर्यंत घासत होती.

"आई, हे काय करतेस?"

"तुझा लॅपटॉपबी पुसलाय," ती म्हणाली. "माझ्या हातानं माणूस गेलं असतं."

मी म्हणालो, असं काही नसतं. पण काय असतं ते मला सांगता येईना. मी इंजिनिअरिंगचा नाही, कॉमर्सचा. आणि सांगायला अण्णा घरातच होते. पाणी पीत बसले होते.

सायकल दुरुस्त होऊन आली. पितळवाल्यानं सांध्यावर पितळ भरलं होतं आणि खालून एक पट्टी जोडली होती. रविवार होता. गल्लीत ऊन पडलं होतं. अण्णांनी सायकल उलटी केली आणि सांधा तपासायला बसले. मी बाजूला उभा होतो. ते बघताना मान तिरकी करत होते, कोंबडी दाणा बघते तशी, एका डोळ्याच्या कोपऱ्यातून. मग अंगठा फिरवला, हळू, सांध्याच्या भोवती. मग म्हणाले, "ओके."

सांध्याच्या डाव्या अंगाला एक भोक राहिलं होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं. मी उभा होतो तिथून दिसत होतं.

"अण्णा, इथं भोक आहे."

"कुठं?"

"हे काय, डावीकडं."

त्यांनी मान फिरवली. परत फिरवली. त्यांचं बोट भोकाच्या अलीकडून गेलं, मग पलीकडून गेलं. गल्लीत कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू होता. मला वाटलं, ते थट्टा करताहेत. मग मी त्यांचं बोट धरून त्या भोकावर नेऊन ठेवलं.

ते तसेच बसून राहिले. बोट काढलं नाही.

"किती दिवस झाले, अण्णा?"

"गाडी विकली तेव्हापासून असंल. आधी बाजूचं दिसायचं कमी झालं. मग म्हणलं, चष्म्याचा नंबर असंल. मग वाटलं, होईल नीट." मग म्हणाले, "आणि ती चीर कुंकवाखाली नव्हती. कुंकू वरच्या अंगाला, चीर खालून, इंजिनाच्या पट्टीच्या तोंडाशी. मी दर रविवारी तिथं फडकं मारायलो होतो."

"मग आईला तसं कशाला सांगितलं?"

"तो पितळवाला म्हणला. मला बरं वाटलं." ते जमिनीकडे बघत होते. "दुसरं काही सांगायला लागलं असतं ना."

मला राग आला नाही, हे मला लिहायला हवं, कारण खोटं लिहायचं नाही असं कबूल केलंय. मला भीती वाटली. माझी फी, खोलीचं भाडं, सगळं त्या निळ्या ठिपक्यावर चाललं होतं. मी म्हणालो, आपण डॉक्टरला दाखवू, चष्मा बदलू, कंपनीत आत्ताच काही बोलू नका. मी शिकलेला, म्हणून मीच सल्ला दिला.

अण्णा म्हणाले, "सायकलवर मी एकटा होतो. त्या गाडीत लेकरं बसतेत."

एवढंच.

मग ते उठून घरात गेले. मी दारात होतो. त्यांनी आईला सांगितलं, कुंकवाचं खोटं होतं, माझे डोळे गेलेत. आईनं हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाली, "इतके दिवस मला कामून जळू दिलं?" आणि रडायला लागली. कशासाठी रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन्हीसाठी असेल.

दुसऱ्या दिवशी काकांच्या गाडीवर मागे बसून अण्णा कामाला गेले आणि दुपारच्या आतच परत आले. त्यांनी सुपरवायझरला गाठून सांगितलं होतं की मला नीट दिसत नाही, माझ्या ठिपक्याचा माल परत बघून घ्या. सुपरवायझर तरुण पोरगा होता. त्याला आधी कळेनाच. त्यानं विचारलं, "कुणी तक्रार केली का?" अण्णा म्हणाले, "न्हाई साहेब, मीच करायलोय." मग धावपळ झाली. निळ्या ठिपक्याच्या जेवढ्या पेट्या कारखान्यात होत्या त्यांना लाल पट्टी लावून बाजूला काढलं. ठेकेदाराच्या माणसानं अण्णांचा गेटपास घेतला आणि "फोन करतो" म्हणाला.

त्या आठवड्यात गल्लीत आम्हाला बरंच ऐकायला मिळालं. अण्णांच्या लाइनवरचे दोघं-तिघं जण काकांच्या ओट्यावर बसायचे. त्यांना तो सगळा माल परत तपासायला ओव्हरटाइम पडला होता, सुट्टी गेली होती.

"स्वतःहून कोण सांगतं राव?" एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला. "गपचूप राजीनामा दिला असता. आमची दिवाळी घालवली."

"दिवाळी झाली ना भावा," दुसरा म्हणाला.

"बायकोला सांग जाऊन. माहेरी न्यायचं होतं तिला."

काका म्हणाले, "अरं, माणूस खरं बोललाय, त्याला शिव्या कशाला देता?"

"काका, खरं बोलायला यांना वर्ष लागलं. वर्षभराचा माल कुठं कुठं गेला, सांगा बरं."

आत अण्णाही ऐकत होते. खरं सांगायचं तर तो माणूस वाईट नव्हता, आणि तो जे बोलला ते चूकही नव्हतं. नंतर तोच आईला हाक मारून कांद्याची पिशवी देऊन गेला, चाकणच्या बाजारातून आणलेली. "वैनी, मनावर घेऊ नका," म्हणाला. आईनं पिशवी घेतली.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी बरोबर गेलो. अण्णांना एका यंत्रात डोकं घालून बसवलं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. आत ठिपके चमकत होते, ते मला बाजूच्या पडद्यावर दिसत होते. अण्णांचं बोट बटणावर तयार होतं, परीक्षेला बसल्यासारखं. बराच वेळ ते दाबलंच गेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला रोज थेंब घालावे लागतील. अण्णांनी विचारलं, "लवकर आलो असतो तर?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता आलात ना." बाहेर आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "बाई चांगली हाय."

आता आई शिलाईची जास्त कामं घेते. मी कॉलेज सुटल्यावर भोसरीत एका दुकानात बिलं करतो. सायकल भिंतीला टेकून उभी आहे. तिचं भोक पितळवाल्यानं नंतर बुजवून दिलं, पण ती कुणी चालवत नाही. काकांनी विकून टाका म्हटलं. अण्णा म्हणाले, "विकल्यावर ती कुणाच्या बुडाखाली मोडायची? राहू द्या." इंजिन तेवढं काढून ठेवलंय.

पण अण्णांच्या मनात नोकरी नव्हती, सायकलही नव्हती. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं. त्या बाजूला काढलेल्या पेट्यांत काय निघालं? आपल्या ठिपक्याखालून चीर गेली होती का? ठेकेदाराचा माणूस फोन उचलत नव्हता. सुपरवायझर "अजून चालू आहे" म्हणायचा. मी कॉलेजातून आलो की अण्णा दारात उभे असायचे, माझ्या पावलांचा आवाज ओळखून.

"काही कळलं का?"

"नाही अण्णा."

"बरं."

मला वाटायचं, काही निघू नये. निघालं नाही तर म्हणता येईल, अंगठ्यानं तरी त्यांना कळत होतं. अण्णांना काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. एकदा जेवताना ते आपणहून म्हणाले, "निघालं तर सांगितल्याचं सार्थक झालं. न्हाई निघालं तर बरंच झालं." पण दोन्ही वाक्यं बोलताना त्यांचा घास ताटातच होता.

परवा सकाळी काका तिसरी शिफ्ट करून आले ते घरी न जाता सरळ आमच्या दारात आले. हातात हेल्मेट तसंच होतं. आई पाणी भरत होती. मी बस पकडायला निघालो होतो. अण्णा आत थेंब घालून डोळे मिटून पडले होते.

"झालं तपासून," काका हळू आवाजात मला म्हणाले.

"काय निघालं?"

काकांनी आत बघितलं. अण्णा उठून बसले होते, डोळे अजून मिटलेलेच.

"मोठ्यानं सांगा," अण्णा आतून म्हणाले.

"निघाले, अण्णा. दोन पीस. अंगठ्याएवढी चीर हाय दोन्हीला. वर निळा ठिपका." काकांनी घाईनं पुढं सांगितलं. "हे हितंच होते, पेटीत. बाहेर गेले न्हाईत. साहेबानं स्वतः फोडून टाकले."

"आन् आधी गेलेले?" अण्णांनी विचारलं.

काकांनी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"ते कुणालाच म्हाईत न्हाई," ते म्हणाले.